एक डोळा झाकून पाहा: घरच्यांची नजर कशी तपासावी आणि कारण कसं शोधावं

वडिलांचा डावा डोळा जवळजवळ गेलाय हे आम्हाला साबणामुळे कळलं. अंघोळ करताना उजव्या डोळ्यात फेस गेला, त्यांनी तो घट्ट मिटला, तांब्यासाठी हात पुढे केला आणि समोरची बादलीच दिसेना. त्याआधीची दोन वर्षं त्यांची जिन्याची शेवटची पायरी चुकायची, चहाचा कप टेबलाच्या कडेवर आपटायचा. आम्ही म्हणायचो, ‘वय झालं.’ निघाला काचबिंदू, म्हणजे डोळ्याची नस हळूहळू सुकवणारा आजार. गेलेली नजर परत आली नाही. उजवा डोळा रोजच्या थेंबांवर टिकून आहे.

दोन डोळे एकमेकांची उणीव भरून काढतात. एक हळूहळू निकामी होत असला तरी दुसरा काम निभावून नेतो, आणि माणसाला खरंच काही जाणवत नाही. म्हणून घरच्या घरी करायची पहिली गोष्ट फुकटची आहे: एका वेळी एकच डोळा तपासायचा. घरातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाचे डोळे वर्षातून एकदा असे पाहावेत, मधुमेह किंवा काचबिंदूचा वारसा असेल तर वयाची वाट न बघता. ही घरची चाचणी डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाही. कधी जायचं आणि काय सांगायचं, एवढं मात्र त्यातून कळतं.

भिंतीवरचं कॅलेंडर पुरे

दूरचा चष्मा असेल तर तो लावूनच बसायचं. मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर भिंतीवर टांगा. उजेड कॅलेंडरवर पडावा, बघणाऱ्याच्या डोळ्यांवर नको. अंतर सहा मीटर, म्हणजे साधारण वीस फूट. एवढी लांब खोली नसेल तर अंगण किंवा इमारतीचा व्हरांडा चालेल. एक डोळा तळहाताने झाका. बोटांनी झाकला तर फटीतून दिसतं, आणि दाबला तर उघडल्यावर काही क्षण धूसर दिसून चाचणी फसते. तारखा सगळ्यांना पाठ असतात, त्यामुळे ओळीने वाचायला सांगू नका. ‘तिसऱ्या ओळीतला चौथा आकडा कोणता?’ असं मध्येच विचारा.

आकड्याची उंची पट्टीने मोजून ठेवा. सुमारे अडीच सेंटिमीटर उंचीचा आकडा सहा मीटरवरून वाचता येत नसेल तर त्या डोळ्याची नजर ढोबळमानाने ६/१८ पेक्षा कमी आहे. या अपूर्णांकाचा अर्थ सोपा आहे. निरोगी डोळ्याला जे १८ मीटरवरून दिसतं त्यासाठी या डोळ्याला ६ मीटरवर यावं लागतं. डच डॉक्टर हर्मन स्नेलेन यांनी १८६२ साली अक्षरांचा तक्ता केला, तेव्हापासून जगभर हेच माप चालत आलंय. डॉक्टरांच्या कागदावर ६/६, ६/९, ६/६० असं लिहिलेलं असतं ते हेच. चांगल्या डोळ्याची नजर चष्मा लावूनही ३/६० पेक्षा कमी असेल तर आपल्याकडे तिला अंधत्व म्हणतात. २०१७ पर्यंत ही रेषा ६/६० वर होती.

आता दुसरी चाचणी, माझी आवडती. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला जाड सुईने एक मिलिमीटरभर भोक पाडा. ज्या डोळ्याने आकडे दिसले नाहीत त्याच्यासमोर ते भोक धरून पुन्हा पाहायला सांगा. आकडे स्पष्ट झाले तर बहुतेक प्रकरण चष्म्याच्या नंबराचं आहे, कारण बारीक भोकातून सरळ येणारे किरणच आत जातात आणि भिंगाची चूक आपोआप गाळली जाते. काहीच फरक पडला नाही किंवा आणखी अंधारलं, तर दोष नंबरापलीकडचा आहे. तो मोतीबिंदूत, पडद्यात (डोळ्याच्या आत मागच्या बाजूला चित्र उमटतं तो थर) किंवा डोळ्याच्या नसेत शोधावा लागतो. अशा माणसाला चष्म्याच्या दुकानात नेऊन परत आणू नका, थेट नेत्रतज्ज्ञाकडे न्या.

तिसरी चाचणी सरळ रेषांची. जवळचा चष्मा लावून एका डोळ्याने फरशीच्या सांध्यांकडे किंवा खिडकीच्या गजांकडे मधोमध टक लावायची. रेषा मध्येच वाकड्या, लाटेसारख्या दिसल्या किंवा मध्ये डाग दिसला, तर पडद्याचा मधला, सर्वांत बारीक काम करणारा भाग बिघडलाय.

चौथी बाजूच्या नजरेची. हातभर अंतरावर समोरासमोर बसा. त्यांनी डावा डोळा झाकला तर तुम्ही उजवा झाका, आणि त्यांनी तुमच्या उघड्या डोळ्याकडेच बघत राहायचं. आता हलतं बोट बाहेरून आत आणा: वरून, खालून, दोन्ही बाजूंनी. तुम्हाला दिसलं त्याच सुमारास त्यांनाही दिसायला हवं. ही चाचणी ढोबळ आहे. सुरुवातीचा काचबिंदू हिच्यातून सहज निसटतो, म्हणून ती चांगली आली तरी निश्चिंत होऊ नका.

आजच्या आज जायचं ते कधी

तपासणीत किंवा बोलण्यात एक प्रश्न अगदी स्पष्ट विचारा: अचानक झालं की हळूहळू? तासा-दोन तासांत, दिवसाभरात नजर गेली असेल तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. दुखत नसलं तरी नाही. पडद्याला रक्त नेणारी मुख्य नळी बंद पडली तर डोळा मुळीच दुखत नाही, फक्त दिसायचं थांबतं. ते पक्षाघाताचंच भावंड समजा आणि मोठं रुग्णालय गाठा.

डोळ्यासमोर विजेसारखे झोत चमकणं, काळ्या ठिपक्यांचा एकदम पाऊस पडणं, कडेकडून काळा पडदा सरकत येणं ही पडदा फाटल्याची किंवा सुटल्याची खूण. जास्त मायनस नंबरवाले, डोळ्याला मार लागलेले आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले यांना हा धोका जास्त. एखाद-दुसरा ठिपका वर्षानुवर्षं तरंगत असेल तर घाबरण्याचं कारण नाही. ठिपके अचानक वाढणं महत्त्वाचं.

तिसरा प्रकार आपल्या घरांत सर्रास चुकतो. रात्री एका बाजूचं डोकं फुटेल असं दुखतं, उलट्या होतात, आणि घरचे म्हणतात, ‘पित्त झालंय.’ सुंठ-साखर दिली जाते, सकाळपर्यंत वाट पाहिली जाते. अशा वेळी बॅटरी घेऊन डोळा बघा. तो लाल असेल, नजर धूसर असेल, दिव्याभोवती रंगीत कडी दिसत असतील, तर डोळ्यातला दाब एकदम चढलाय. हा तीव्र काचबिंदू. पन्नाशीपुढच्या बायकांत आणि प्लस नंबरवाल्यांत तो जास्त आढळतो. रात्र वाया घालवली तर नस कायमची जाऊ शकते.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी डोळा जास्त लाल झाला, दुखू लागला आणि सुधारलेली नजर पुन्हा कमी झाली, तर तेही त्याच दिवशी दाखवायचं. ‘टाके ओढत असतील’ असं शेजारी सांगतील. ऐकू नका.

आणि चुना. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब दाबताना फुटते आणि थेट लहान मुलाच्या डोळ्यात उडते, असे प्रसंग डोळ्यांच्या दवाखान्यांना नवे नाहीत. चुना आम्लापेक्षा वाईट, कारण तो बुबुळात खोल शिरत राहतो. इथे दवाखान्याकडे धावणं ही दुसरी पायरी. पहिली पायरी पाणी. मुलाला आडवं करा, पापण्या बोटांनी उघड्या धरा, स्वच्छ पाण्याची धार निदान अर्धा तास सोडा, पापणीच्या आत अडकलेले कण ओल्या कापसाने काढा आणि मग निघा. तूप, मध, साखरेचं पाणी यातलं काहीही नको. रंगपंचमीचा रंग, फरशी धुण्याचं ॲसिड, बॅटरीतलं पाणी, सगळ्यांना हाच नियम.

हळूहळू कमी होणारी नजर

मराठीत वाचायच्या चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हणतात, आणि हा शब्द शास्त्राला धरून आहे. चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं भिंग ताठर होऊ लागतं, जवळचं बघताना हवं तसं फुगत नाही, आणि माणूस पेपर लांब धरू लागतो. हा आजार नाही. व्यायामाने किंवा गाजराने चाळिशी जात नाही. सुई ओवणारा, तांदूळ निवडणारा, घड्याळ दुरुस्त करणारा माणूस केवळ चष्म्यावाचून कामातून बाद होतो हे मात्र खरं नुकसान आहे, आणि ते फार थोड्या पैशांत टळतं.

गंमत पुढे आहे. पासष्टीतली आजी एक दिवस जाहीर करते, ‘माझी चाळिशी सुटली, आता बिनचष्म्याची पोथी वाचते.’ घरात आनंद होतो. बहुतेक वेळा हा मोतीबिंदू असतो. भिंगाचा गाभा घट्ट होत जातो, डोळ्याला मायनस नंबर येतो आणि म्हणून जवळचं दिसू लागतं. त्याच आजीला दूरची एसटीची पाटी विचारून बघा.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं स्वच्छ भिंग गढूळ होणं. तो बाहेरून येऊन बसत नाही, वर चढणारा पडदाही नाही. त्यामुळे थेंबांनी तो विरघळत नाही, तसं सांगून थेंब विकणारे खूप असले तरी. वय हे मुख्य कारण. मधुमेह, डोळ्याला मार, स्टेरॉइड औषधं, धूम्रपान आणि ऊन यांनी तो लवकर येतो. उन्हात डोळे दिपणं, समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसणं, रंग पिवळट वाटणं, चष्म्याचा नंबर वरचेवर बदलणं ही त्याची चाल. देशात २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वापैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे असल्याचं दिसलं. म्हणजे दर तीन अंधांपैकी साधारण दोघांची नजर परत मिळण्याजोगी.

‘पिकू दे, मग काढू’ हा जुना सल्ला आता सोडा. पूर्वी सगळं भिंग अख्खं काढत, म्हणून ते घट्ट होईपर्यंत थांबत. आज बारीक छेदातून भिंग फोडून काढतात आणि कृत्रिम भिंग बसवतात. असं भिंग पहिल्यांदा १९४९ मध्ये लंडनमध्ये हॅरोल्ड रिडले यांनी बसवलं. युद्धात विमानाच्या काचेसारख्या प्लास्टिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत गेले तरी डोळे त्यांना विरोध करत नाहीत, हे त्यांनी पाहिलं होतं. फार पिकलेला मोतीबिंदू उलट त्रास देतो. तो काढायला अवघड, आणि कधी तो फुटून दाब वाढतो. रोजचं काम अडायला लागलं की वेळ आली, एवढं सोपं गणित. सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते. ग्रामीण रुग्णालयातले नेत्रचिकित्सा अधिकारी तपासून पुढे पाठवतात, तिथूनच सुरुवात करा.

काचबिंदूचं नाव मोतीबिंदूसारखं, स्वभाव अगदी उलटा. डोळ्यात सतत एक पाणी तयार होतं आणि एका कोपऱ्यातून निचरून जातं. निचरा तुंबला की दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी नस सुकत जाते. नजर कडेकडून खात येते, मधलं शेवटपर्यंत स्वच्छ असतं. म्हणूनच काचबिंदूचा माणूस तक्त्याची शेवटची ओळ वाचतो आणि दाराच्या चौकटीला धडकतो. दाब साधारणपणे १० ते २१ मिलिमीटर पारा एवढा असतो, पण दाब या हद्दीत असूनही नस सुकू शकते. त्यामुळे नुसता दाब मोजून ‘नॉर्मल आहे’ असं सांगितलं तर नस पाहिली का, हेही विचारा. वडिलांच्या निदानानंतर आम्हा तिन्ही भावंडांना तपासून घ्यायला सांगितलं गेलं, ते याच कारणाने. सख्ख्या नात्यात हा आजार उतरतो. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी राखता येतं. थेंब संपले म्हणून चार दिवस बंद ठेवणं, ही यातली सगळ्यात नेहमीची आणि सगळ्यात महागडी चूक.

मधुमेहाबद्दल एकच आग्रह. साखर तपासायची सवय लागलीय, पडदा तपासायची नाही. वाढलेली साखर पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या सैल करते. त्या झिरपतात, मग कमकुवत नव्या वाहिन्या फुटतात आणि त्यांतून रक्तस्राव होतो. यातला बराच काळ नजर ६/६ राहू शकते. म्हणून मोठ्या वयातला मधुमेह कळला त्याच वर्षी बाहुली मोठी करून पडदा तपासायचा आणि नंतर दरवर्षी. गरोदरपणाआधीच मधुमेह असेल तर गरोदरपणातही. लेझर आणि डोळ्यात देण्याची इंजेक्शनं आजार थोपवतात, पण वेळेवर सापडला तर.

शेतातला डोळा

ऊस तोडताना पाचटाचं टोक, मळणीतला भाताचा तूस, ज्वारीच्या ताटाचं पातं. बुबुळाला एवढासा ओरखडा पुरतो. पालापाचोळ्यातून बुरशी शिरते आणि काही दिवसांत बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. जखम भरली तरी डाग राहतो, त्यालाच आपण ‘फूल पडलं’ म्हणतो. मधल्या दिवसांत जे घरगुती उपाय होतात ते जखमेपेक्षा वाईट. कुणी जिभेने कचरा काढून देणारा गाठतं, कुणी अंगावरचं दूध टाकतं, कुणी मेडिकलमधून ‘लाल डोळ्याचे थेंब’ आणतं. त्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर लाली एका दिवसात उतरते आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. डोळ्यांच्या ॲलर्जीने सतत खाज येणाऱ्या शाळकरी मुलांना हेच थेंब महिनोन्‌महिने घातले जातात आणि त्यांना कोवळ्या वयात काचबिंदू नाहीतर मोतीबिंदू होतो. चिठ्ठीशिवाय थेंब नकोत, आणि शेजारच्याची चिठ्ठी चालत नाही.

डोळे येणं मात्र बहुतेक वेळा विषाणूमुळे असतं आणि आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप उतरतं. टॉवेल वेगळा, हात धुणं, एवढं पुरे. गॉगल लावणाऱ्याकडे बघितल्याने साथ पसरत नाही, त्याचा हात लागल्याने पसरते. पण डोळे आलेल्या माणसाला उजेड सहन होईना, दुखू लागलं किंवा नजर कमी झाली तर ते ‘डोळे येणं’ राहिलेलं नाही. रांजणवाडीला गरम शेक द्यायचा आणि ती फोडायची नाही. ऊन-वाऱ्यात काम करणाऱ्यांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढतं ते बाहुलीकडे सरकत असेल तरच काढावं लागतं.

मुलं सांगत नाहीत

ज्याने कधी स्पष्ट पाहिलंच नाही त्या मुलाला धूसर म्हणजे काय हे कळत नाही. ते फळ्याजवळ जाऊन बसतं, मान वाकडी करतं, चेंडू झेलताना चुकतं. झाकण्याचा खेळ इथेही चालतो. एक डोळा झाकला तर मूल खेळत राहतं आणि दुसरा झाकला की चिडून हात बाजूला सारतं, तर दुसऱ्या वेळी झाकलेला डोळाच चांगला आहे. दुर्लक्षित डोळ्याचे संकेत मेंदू घेणं बंद करतो, त्याला आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी यांनी तो कामाला लागतो, नंतर फार अवघड. तिरळेपणा ‘शुभ’ म्हणून ठेवायचा नसतो.

फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल न येता पांढरी चमकली तर त्याच आठवड्यात दाखवा. तो जन्मजात मोतीबिंदू असू शकतो किंवा पडद्याचा कर्करोगही. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायचा असतो. काचेच्या पेटीतून सुटका झाली या आनंदात ही तारीख निसटते. अंगणवाडीत नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत मिळणारे ‘अ’ जीवनसत्त्वाचे नऊ डोस चुकवू नका, रातांधळेपणा आणि बुबुळ विरघळणं त्यांनी टळतं. सगळे डोस घेऊनही मुलाला संध्याकाळनंतर चाचपडावं लागत असेल तर पडद्याचा आनुवंशिक आजार शोधावा लागतो. मामे-आते भावंडांत लग्नं होणाऱ्या घराण्यांत तो जास्त दिसतो.

मायनस नंबर मोबाइलच्या किरणांनी वाढत नाही. डोळा लांबीने वाढला की वाढतो, एका मिलिमीटरला साधारण अडीच ते तीन नंबर. सतत जवळचं पाहणं आणि बाहेरचा उजेड न मिळणं ही त्यामागची मोठी कारणं. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटं उघड्यावर ठेवण्याचा कार्यक्रम राबवला. आपल्याकडे त्यासाठी मैदान आणि सुट्टी पुरते, शिकवणी आड आली नाही तर.

डॉक्टरांकडे जाताना

सगळे जुने चष्मे, चालू औषधं आणि साखरेचा ताजा अहवाल बरोबर न्या. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर चार-सहा तास जवळचं दिसत नाही आणि ऊन टोचतं, म्हणून गाडी चालवत जाऊ नका आणि सोबत कुणी तरी हवं. निघण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून मागा: दोन्ही डोळ्यांची चष्म्यासह नजर वेगवेगळी, डोळ्याचा दाब, आणि पडदा व नस कशी दिसली. पुढच्या वर्षी तुलनेला हाच कागद कामी येतो. आमच्याकडे असा कागदच नव्हता.

उपचार करूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा वर येत नसेल किंवा नजरेचा घेर ४० अंशांपेक्षा कमी उरला असेल, तर २०१६ च्या कायद्याने ती अल्पदृष्टी ठरते. जिल्हा रुग्णालयात तपासणी करून दिव्यांग प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र काढता येतं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व ठरलं की एसटीची सवलत, नोकरीतलं आरक्षण अशा गोष्टींचा दरवाजा उघडतो. मुंबईत १९५२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधजन संघटनेसारख्या संस्था पांढरी काठी, भिंगं आणि वावरण्याचं प्रशिक्षण देतात. एका डोळ्याने दिसणाऱ्यालाही घरात सोय हवी. पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी रंगवा, चकचकीत स्टीलच्या ताटाऐवजी गडद ताटात भात वाढा, दिवा बसणाऱ्याच्या पाठीमागून येऊ द्या.

आमच्या बाथरूममधली बादली आता लालभडक आहे, तांब्याही. जिन्याच्या शेवटच्या पायरीची पिवळी पट्टी वडिलांनी स्वतः रंगवली, थोडी वाकडी.